बावीस टक्के कशाचे? सक्रिय दीर्घिकेच्या वर्णपटातून ताऱ्यांच्या पिढ्या वेगळ्या काढताना

"मॅडम, या दीर्घिकेत बावीस टक्के तारे तरुण निघालेत."

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्प करणारी मुलं लॅपटॉप उघडा धरूनच माझ्या टेबलाशी येतात आणि पहिलं वाक्य बहुतेक वेळा असंच असतं. मी दोन प्रश्न विचारते. बावीस टक्के तारे, की बावीस टक्के प्रकाश? आणि तो प्रकाश ताऱ्यांचाच आहे, हे कशावरून? पहिल्याचं उत्तर पाच मिनिटांत कळतं. दुसऱ्यापायी उरलेलं सत्र जातं. हे सगळं मी त्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिते आहे, कारण त्यावर मराठीत सलग काही हाताशी नाही आणि आमच्याकडची मुलं दर वर्षी त्याच खड्ड्यात पडतात.

मी परभणीत पदार्थविज्ञान शिकवते. अण्णा, म्हणजे माझे वडील, मोंढ्यात मापाडी होते. तुरीचं पोतं आलं की पोत्यात टोचायची लोखंडी नळी आत खुपसायची, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे आणि सांगायचं, यात नवा माल किती, जुना किती, डागी किती. पण अडतीच्या आत, पिवळ्या दिव्याखाली, ते कधीच भाव बोलायचे नाहीत. मूठ घेऊन दारापर्यंत यायचे आणि उन्हात हात उघडायचे. "दिव्याखाली सगळीच तूर नवी दिसायली," म्हणायचे. सक्रिय दीर्घिकेच्या, म्हणजे जिच्या केंद्रातलं कृष्णविवर वायू गिळत असल्याने केंद्र झळकतं तिच्या, बाबतीत आपली अडचण नेमकी हीच आहे. मूठ हातात आहे, पण दिवा पोत्याच्या आतच जळतो आहे आणि तो विझवता येत नाही.

दिवा म्हणजे केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या चकतीचा प्रकाश. तो निळसर असतो आणि त्यात ताऱ्यांसारख्या शोषणरेषा, म्हणजे ठरावीक तरंगलांबीला पडणारे खड्डे, नसतात. तरुण, तापलेले तारेही निळेच. वर्णपटात, म्हणजे तरंगलांबीनुसार पसरून मांडलेल्या प्रकाशात, दोघं एकमेकांच्या जागी सहज बसतात.

काय लागतं

एक साधा लॅपटॉप, पायथन, आणि फाइली उतरवून घेण्यापुरतं इंटरनेट. आठ जीबी मेमरीत हे काम होतं. उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा अर्धवट चाललेली गणना वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक दीर्घिकेचा निकाल लगेच वेगळ्या फाइलीत लिहायची सवय लावून घ्या. सगळ्या शंभर दीर्घिकांचा निकाल शेवटी एकदम साठवायला गेलात, तर एक दिवस पंचाहत्तराव्या दीर्घिकेला पंखा थांबेल.

विदा, म्हणजे डेटा, फुकट आहे. न्यू मेक्सिकोतल्या अपाचे पॉइंट वेधशाळेतल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीने स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेसाठी लाखो दीर्घिकांचे वर्णपट घेतले आणि ते कुणालाही खुले आहेत. परभणीतून ते उतरवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच पुण्यातून लागतो. आमच्या पोरांच्या डोक्यात अजून असतं की खगोलशास्त्र म्हणजे मोठं शहर, मोठी दुर्बीण. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय हे त्यांना माहीत असतं, पण आपल्या टेबलावर आज रात्री खरं काम करता येतं हे सांगावं लागतं.

पायथनमध्ये फिट्स (खगोलशास्त्रात विदा ठेवायचा नेहमीचा प्रकार) फाइली वाचायला ॲस्ट्रोपाय आणि ताऱ्यांचे तयार वर्णपट निरीक्षणाशी जुळवायला पीपीएक्सएफ. मिकेले कापेल्लारी आणि एरिक एम्सेलेम यांनी २००४ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. दुसरा पर्याय ब्राझीलच्या रॉबेर्तो सिद फेर्नांदेस यांचा स्टारलाइट. तो फोर्ट्रानमध्ये आहे, आणि सक्रिय दीर्घिकांवरचं बरंच जुनं काम त्यावर झालेलं आहे. मी मुलांना पीपीएक्सएफवर सुरुवात करायला लावते, कारण आत काय चाललंय ते ओळीओळीने उघडून बघता येतं.

कोणती दीर्घिका घ्यायची

पहिला प्रकल्प असेल तर दुसऱ्या प्रकारची सिफर्ट दीर्घिका घ्या. कार्ल सिफर्ट यांनी १९४३ मध्ये तेजस्वी केंद्रक आणि ठळक उत्सर्जनरेषा (ठरावीक तरंगलांबीला उठणारे उजळ सुळके) असलेल्या दीर्घिका वेगळ्या काढल्या, म्हणून हे नाव. पहिल्या प्रकारात केंद्र थेट दिसतं, हायड्रोजनच्या रेषा हजारो किलोमीटर प्रतिसेकंद इतक्या रुंद असतात, लोहाच्या असंख्य रेषा एकमेकींवर चढलेल्या असतात आणि ताऱ्यांचा प्रकाश त्या गर्दीत हरवतो. दुसऱ्या प्रकारात केंद्रापुढे धुळीचा आडोसा असतो. दिवा थेट दिसत नाही, त्याचा कवडसा तेवढा बाहेर येतो. ताऱ्यांचा अभ्यास त्यातच जमतो.

ओळखायचं कसं? बाल्डविन, फिलिप्स आणि टर्लेविच यांचा १९८१ चा आलेख. एका अक्षावर ऑक्सिजन-३ ची ५००७ अँगस्ट्रॉमची (तरंगलांबी मोजायचं बारीक एकक) रेषा भागिले हायड्रोजनची एच-बीटा, दुसऱ्यावर नायट्रोजन-२ ची ६५८३ ची रेषा भागिले हायड्रोजनचीच एच-अल्फा. मूलद्रव्यापुढचा आकडा अणू किती आयनित आहे ते सांगतो. दोन्ही जोड्यांतल्या रेषा शेजारी शेजारी असल्यामुळे धुळीचा परिणाम जवळजवळ कटतो. साध्या ताऱ्यांच्या जन्मामुळे चमकणाऱ्या दीर्घिका डाव्या बाजूला खाली उतरत जातात, सक्रिय केंद्रकं उजवीकडे वर. मधल्या पट्ट्यातल्या दीर्घिका पहिल्या प्रकल्पात टाळा.

ताम्रसृती, म्हणजे दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश तांबड्याकडे किती ताणला गेला त्याचं माप, ०.०३ ते ०.०८ च्या दरम्यान ठेवा. स्लोनच्या मूळ सर्वेक्षणातला प्रकाश गोळा करणारा तंतू आकाशात तीन कंसविकला (एक कंसविकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) व्यासाचा आहे. ०.०३ ला तो दीर्घिकेचा मधला सुमारे सहा हजार प्रकाशवर्षांचा भाग पकडतो. म्हणजे तुमचा निष्कर्ष त्या भागाचा, अख्ख्या दीर्घिकेचा नव्हे. एक फायदा असा की स्लोनचा वर्णपट ३८०० अँगस्ट्रॉमला सुरू होतो. ०.०३ ताम्रसृतीला तेच टोक दीर्घिकेच्या स्वतःच्या चौकटीत, म्हणजे तो ताण काढून टाकल्यावर, ३६९० ला जातं आणि निळ्या टोकाच्या ज्या रेषा पुढे जीव वाचवणार आहेत त्या हाताशी येतात.

वर्णपट साफ करणं

फाइल उघडल्यावर तीन स्तंभ लागतात. फ्लक्स म्हणजे प्रकाश, लॉगलॅम म्हणजे तरंगलांबीचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम, आणि आयव्हार म्हणजे चुकीच्या वर्गाचा व्यस्तांक. जिथे आयव्हार शून्य आहे ते बिंदू खराब आहेत, ते वगळा. शून्याने भागून अनंत चूक काढत बसू नका.

स्लोनच्या वर्णपटात बिंदू लॉगॅरिदममध्ये समान अंतरावर आहेत आणि अंतर ०.०००१ आहे. वेगात हे प्रत्येक बिंदूला ६९ किलोमीटर प्रतिसेकंद होतं. पीपीएक्सएफ नैसर्गिक लॉगॅरिदम धरतं. मुलं २.३०२६ ने गुणायचं विसरतात, त्यांना ३० किलोमीटर मिळतात, आणि पुढचं सगळं बिघडतं. ६९ हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मग क्रम. आधी आपल्या स्वतःच्या आकाशगंगेतल्या धुळीची लाली काढायची, कारण ती धूळ आपल्या चौकटीत आहे. श्लेगेल, फिंकबाइनर आणि डेव्हिस यांच्या १९९८ च्या नकाशावरून त्या दिशेची धूळ मिळते. त्यानंतरच वर्णपट दीर्घिकेच्या चौकटीत सरकवायचा. उलट क्रमाने केलंत तर लाली चुकीच्या तरंगलांबीवर निघते.

आता जिथे मी स्वतः दोन महिने घालवले ती जागा. स्लोनच्या तरंगलांब्या निर्वातातल्या आहेत. माइल्स या ९८५ ताऱ्यांच्या वर्णपटसंग्रहावर उभे असलेले नमुने हवेतल्या तरंगलांबीत आहेत. ऑक्सिजनची रेषा हवेत ५००६.८४ ला आणि निर्वातात ५००८.२४ ला. फरक दीड अँगस्ट्रॉमही नाही. मी तो धरला नाही. जुळणी छान दिसत होती, कारण पीपीएक्सएफने तो फरक गुपचूप वेगात ढकलला होता. मी ४० दीर्घिका करून बसले. एका रात्री सगळ्यांचे, ताम्रसृती काढल्यावरही उरलेले वेग एका रकान्यात लिहिले आणि दिसलं की प्रत्येक दीर्घिका ८३ किलोमीटर प्रतिसेकंदाच्या आसपास त्याच बाजूला सरकलेली आहे. चाळीस दीर्घिका एकदिलाने एकीकडे धावत नसतात. १.४ भागिले ५००७ गुणिले प्रकाशाचा वेग केलं तर जवळपास तेवढेच येतात. अण्णा बाहेरच्या खोलीत जागे होते. "एवढ्या रातीला काय बघायलीस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माप चुकलं. ते उठून आत आले, रकाना बघितला आणि म्हणाले, "सगळी पोती सारखीच कमी भरायली म्हणजे काटा बघावं, माल नाही." चाळीसही दीर्घिका पुन्हा केल्या. तेव्हापासून कोणत्याही निकालाआधी मी उरलेल्या वेगांचा रकाना मागते.

उत्सर्जनरेषा झाका, म्हणजे जुळणीतून वगळा, किंवा त्यांना वेगळे गाउसियन (घंटेच्या आकाराचे वक्र) देऊन बरोबरच जुळवा. एच-बीटाची उत्सर्जनरेषा ताऱ्यांची शोषणरेषा भरून काढते, खड्डा उथळ होतो आणि तारे आहेत त्याहून म्हातारे दिसतात. नायट्रोजन-१ ची ५२०० जवळची बारीक रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याला चिकटून असते, ती सुटू देऊ नका. सोडियमची ५८९० ची जोडी सरळ झाका, तिच्यात ताऱ्यांबरोबर दीर्घिकेतल्या थंड वायूचंही शोषण मिसळलेलं असतं.

नमुने निवडणं

जुळणी म्हणजे काय, तर वेगवेगळ्या वयाच्या आणि धातुतेच्या (हेलियमहून जड मूलद्रव्यांच्या प्रमाणाच्या) ताऱ्यांच्या पिढ्यांचे तयार वर्णपट घ्यायचे, प्रत्येकाला वजन द्यायचं आणि त्यांची बेरीज निरीक्षणाशी जुळवायची. इथे एक गोष्ट मुलांना कुणी सांगत नाही. माइल्सवरूनच वाढवलेल्या ई-माइल्स नमुन्यांच्या पडोव्हा संचात सर्वांत तरुण नमुना ६.३ कोटी वर्षांचा आहे. साध्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेसाठी तो पुरतो. सक्रिय दीर्घिकेत मात्र प्रश्नच ५० लाख की १ कोटी वर्षांच्या ताऱ्यांचा असतो. टोपलीत, म्हणजे नमुन्यांच्या संचात, तो दाणाच नसेल तर जुळणी तो निळा प्रकाश दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लिहिणार. म्हणून ब्रुझुआल आणि शार्लो यांचे २००३ चे नमुने किंवा तितक्याच तरुण वयापासून सुरू होणारा दुसरा संच घ्या.

सुरुवातीला पंधरा वयं आणि तीन धातुता पुरेत. जास्त नमुन्यांनी उत्तर बारीक दिसतं, पण बरोबर येतंच असं नाही. वय वाढलं तरी वर्णपट लालसर होतो, धातुता वाढली तरी लालसर होतो. गाय वर्दी यांनी १९९४ मध्ये दाखवलं की वय तिप्पट झालं किंवा धातुता दुप्पट झाली तर रंगात आणि बऱ्याच रेषांत जवळपास सारखाच बदल दिसतो. त्यात केंद्राचा दिवा धरला की तीन अज्ञातं एकमेकांच्या मागे लपतात.

दिव्यासाठी एक वेगळा नमुना हाताने घालायचा. तो म्हणजे एक साधी घातश्रेणी, प्रकाश तरंगलांबीच्या उणे ०.५ घाताच्या प्रमाणात. दुसऱ्या प्रकारच्या सिफर्टसाठी हा घात फार वर्षं वापरात आहे. तो एकच घालून थांबू नका, उणे १ आणि उणे १.५ देऊनही जुळणी करा आणि वाटा किती हलतो ते बघा.

आणि पीपीएक्सएफमधली बेरजेची बहुपदी, म्हणजे जुळणीत वरून मिळवली जाणारी गुळगुळीत वक्ररेषा, बंद करा. तिचा घात उणे एक दिला की ती बंद होते. वेग मोजायला ती उपयोगी आहे, पण इथे ती घातक आहे. वर्णपटात सपाट प्रकाश मिळवणं किंवा वजा करणं हेच तिचं काम, आणि सक्रिय केंद्राचा प्रकाशही तसाच सपाट, रेषाहीन. ती चालू राहिली तर दिव्याचा प्रकाश ती गिळते आणि तुमच्या तक्त्यात त्याचा मागमूस राहत नाही. गुणाकाराची बहुपदी किंवा धुळीचा नियम चालेल.

तारे की दिवा

आता खरं काम. जुळणी झाली, तक्त्यात तरुण ताऱ्यांपुढे बावीस टक्के आले. आकडा बाजूला ठेवा आणि वर्णपटाचा ३८०० ते ४१०० हा तुकडा पडदाभर मोठा करा.

तिथे कॅल्शियमच्या दोन खोल रेषा दिसतील. के ३९३३ ला, एच ३९६८ ला. म्हाताऱ्या ताऱ्यांत दोन्ही जवळपास सारख्या खोल. आता विचार करा, वर सपाट प्रकाश ओतला तर काय होईल? दोन्ही सारख्याच उथळ होतील. म्हाताऱ्या ताऱ्यांत के रेषेची समतुल्य रुंदी (रेषा किती प्रकाश खाते त्याचं माप) १६ अँगस्ट्रॉम असेल आणि तिथला पाव प्रकाश दिव्याचा असेल, तर ती १२ दिसेल. एच रेषाही त्याच प्रमाणात घटेल. दोघींचं एकमेकींशी प्रमाण मोडत नाही.

त्याऐवजी काही कोटी वर्षांपूर्वी जन्मलेले बी आणि ए वर्गाचे तापलेले तारे मिसळले तर? के रेषा उथळ होईल, कारण त्या तापलेल्या ताऱ्यांत कॅल्शियमची ही रेषा फिकी असते. पण एचच्या जागीच, ३९७० ला, हायड्रोजनची एप्सिलॉन रेषा आहे आणि ती त्या ताऱ्यांत जोरदार असते. म्हणून एच टिकून राहते किंवा केपेक्षा खोल होते. मी मुलांना दोन वर्णपट छापून कंपासपेटीतली पट्टी दोन्ही खड्ड्यांच्या तळाला लावायला लावते. पट्टी आडवी राहिली तर दिव्याकडे संशय, उजवीकडे खाली झुकली तर ताऱ्यांकडे. संगणकाच्या आधी डोळ्याला हे दिसलं पाहिजे.

पण इथे एक चोर आहे. सक्रिय दीर्घिकेत निऑन-३ ची उत्सर्जनरेषा बरोबर ३९६८ ला येते आणि एचचा खड्डा भरून टाकते. तरुण तारे असूनही पट्टी आडवी दिसते. सुदैवाने तिची मोठी बहीण ३८६९ ला उघड्यावर असते आणि दोघींचं प्रमाण ठरलेलं आहे. ३९६८ ची रेषा तिच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाची. मोठी मोजा, तिसरा हिस्सा वजा करा, मग पट्टी लावा. हीच ३८६९ ची रेषा ४००० च्या पायरीचा, म्हणजे ४००० अँगस्ट्रॉमजवळ प्रकाश पायरीसारखा चढतो त्याचा, आकडाही बिघडवते. त्या पायरीत ४००० ते ४१०० चा सरासरी प्रकाश भागिले ३८५० ते ३९५० चा प्रकाश घेतात. तरुण ताऱ्यांची चलती असेल तर उत्तर १.३ च्या आसपास किंवा खाली, म्हाताऱ्या दीर्घिकेत १.८ च्या पुढे. निऑनची रेषा खालच्या पट्ट्यात बसलेली असल्यामुळे ती न काढता मोजलंत तर दीर्घिका उगाच तरुण ठरते.

निऑनच्या या हिशोबाने मन भरत नसेल तर आणखी निळ्याकडे जा. हायड्रोजनच्या वरच्या पायऱ्यांच्या रेषा, ३८३५ आणि ३७९८, इथे उत्सर्जन फार क्षीण झालेलं असतं आणि ताऱ्यांचं शोषण मात्र टिकून असतं. ३८८९ ची रेषा हेलियमशी मिसळते म्हणून मी तिच्यावर भार टाकत नाही. ३८३५ चा खड्डा स्वच्छ दिसला तर निळ्या प्रकाशात ताऱ्यांचा हात आहे हे मी ठामपणे लिहिते. मार्केरियन ४७७, एनजीसी ७१३०, एनजीसी ५१३५ आणि आयसी ३६३९ या चार दुसऱ्या प्रकारच्या सिफर्ट दीर्घिकांत असंच ठरलं. १९९७ मध्ये (मार्केरियन ४७७ साठी) टिमोथी हेकमन आणि १९९८ मध्ये (उरलेल्या तिघींसाठी) रोसा गोन्सालेस देल्गादो यांनी सहकाऱ्यांसह हबल दुर्बिणीच्या अतिनील निरीक्षणांतून दाखवलं की ज्याला पूर्वी केंद्राचा रेषाहीन प्रकाश म्हटलं जात होतं, त्यातला मोठा वाटा केंद्राजवळच्या नव्या ताऱ्यांचा आहे. उलट एनजीसी १०६८ मध्ये रॉबर्ट अँटोनुची आणि जोसेफ मिलर यांनी १९८५ मध्ये ध्रुवीभूत, म्हणजे वाटेत आपटून वळून आलेल्या, प्रकाशात लपलेल्या रुंद रेषा पाहिल्या. तिथे कवडसा खरोखर दिव्याचाच होता. दोन्ही गोष्टी घडतात, म्हणून प्रत्येक दीर्घिकेला स्वतंत्रपणे विचारावं लागतं.

एक मर्यादा मान्य करावी लागते. ५० लाख वर्षांहून लहान, ओ वर्गाचे (सर्वांत तापलेले) तारे या पट्ट्यात जवळजवळ रेषाहीनच दिसतात, आणि त्यांच्या भोवतालच्या वायूचं उत्सर्जन उरलेले खड्डेही भरतं. त्यांना आणि दिव्याला या वर्णपटातून वेगळं करता येत नाही. वुल्फ-रायेट ताऱ्यांचा (वायू उधळणारे, फार जड तारे) ४६८० जवळचा रुंद उंचवटा दिसला तर भाग्य, पण हेलियम-२ ची ४६८६ ची अरुंद रेषा केंद्रामुळेही येते, तिला उंचवटा समजू नका. काही दिसलं नाही तर घातश्रेणी आणि १ कोटी वर्षांखालचे नमुने यांची बेरीज एकच आकडा म्हणून द्या. त्या बेरजेवर माझा विश्वास बसतो, दोन तुकड्यांवर नाही.

स्वतःची परीक्षा

खऱ्या दीर्घिकेआधी एक खोटी दीर्घिका तयार करा. ८० टक्के प्रकाश हजार कोटी वर्षांच्या नमुन्याचा, २० टक्के घातश्रेणीचा, वर तुमच्या वर्णपटाइतकाच गोंगाट. मग घातश्रेणीचा नमुना टोपलीतून काढून जुळणी चालवा. एकही तरुण तारा तुम्ही घातलेला नाही, तरी तक्त्यात तरुण तारे उगवतील. हे मुलांना एकदा स्वतःच्या हाताने करू दिलं की दिव्याबद्दल वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. मग नमुना परत टोपलीत ठेवा आणि वाटे किती बरोबर परत येतात ते बघा. त्यात जेवढी गफलत होईल, तेवढी चूक तुमच्या खऱ्या निकालातही धरा.

गोंगाटाचे शंभर वेगवेगळे नमुने मिसळून तीच जुळणी शंभरदा करा आणि वाटे किती पसरतात ते मोजा. लॅपटॉपला रात्र लागेल, लागू द्या.

निकाल वयाच्या पंधरा खान्यांत लिहू नका. चार खाने पुरतात. दिवा आणि १ कोटी वर्षांखालचे मिळून एक, १ ते १० कोटी एक, १० कोटी ते १ अब्ज एक, आणि त्यापुढचे एक. पंधरा खान्यांत शेजारी एकमेकांत सांडतात. खाने मोठे केले की सांडलेलं आतच राहतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच येतं. हे सगळे वाटे प्रकाशाचे आहेत. शंभर पणत्यांत एक हॅलोजन लावला तर अंगणातला बहुतेक उजेड हॅलोजनचा, पण मोजायला गेलात तर दिव्यांत तो शंभरावर एक. वस्तुमानाने शंभरात एक असलेली १ कोटी वर्षांची पिढी निळ्या भागातला निम्मा प्रकाश देऊ शकते. "बावीस टक्के तारे तरुण" हे वाक्य म्हणून खोडावं लागतं. त्याजागी मी लिहायला लावते ते असं: "४०२० अँगस्ट्रॉमजवळच्या प्रकाशापैकी २२ टक्के वाटा १ कोटी वर्षांखालच्या ताऱ्यांचा आणि केंद्राच्या रेषाहीन प्रकाशाचा मिळून आहे, ३८३५ ची शोषणरेषा स्पष्ट नसल्याने दोन्ही वेगळे केलेले नाहीत." मुलांना हे वाक्य पडेल वाटतं. मला ते प्रबंधातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

जोडीदार दीर्घिका

सक्रिय दीर्घिकेत १० कोटी वर्षांची पिढी सापडली म्हणून ती कृष्णविवरामुळे जन्मली असं होत नाही. तेवढ्याच वस्तुमानाची, तेवढ्याच ताम्रसृतीची, पण केंद्र शांत असलेली दीर्घिका शोधा आणि तिच्यावर हेच सगळं करा. तोच काटा, तीच टोपली, तेच झाकलेले पट्टे. गिनेव्हरे काउफमान आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये स्लोनच्या १,२२,८०८ दीर्घिकांतून २२,६२३ अरुंद रेषांची सक्रिय केंद्रकं वेगळी काढली आणि अशाच तुलनेतून दाखवलं की जोरदार सक्रिय केंद्रकं असलेल्या मोठ्या दीर्घिकांत तारे सरासरीने तरुण असतात. प्रकल्पाला एवढ्या दीर्घिका नकोत. वीस जोड्या मन लावून केल्या तरी सत्र भरतं, आणि प्रत्येक जोडीचा तो निळा तुकडा डोळ्याखालून गेलेला असतो, जे वीस हजारांत कुणालाच शक्य नाही.

त्यानंतर स्लोनच्याच मॅंगा या मोहिमेचे वर्णपट उघडा. तिने सुमारे दहा हजार दीर्घिकांचे एकाच बिंदूऐवजी अख्ख्या पृष्ठभागावर पसरलेले वर्णपट घेतले आहेत. केंद्रापासून बाहेर एकेक पाऊल टाकत तीच जुळणी करत जा आणि घातश्रेणीचा वाटा अंतरासमोर मांडा. दिवा असेल तर तो ठिपका आहे, वातावरणाने आणि दुर्बिणीने जेवढा फुगवला तेवढाच, म्हणजे अडीच कंसविकलांच्या आसपास पसरेल आणि पलीकडे शून्याला येईल. पलीकडेही वाटा उरला तर तो बहुधा तरुण ताऱ्यांचा, चुकीच्या नावावर लिहिलेला. मूठ घेऊन दारापर्यंत यायची सोय इथे थोडीशी मिळते. पहिल्या दीर्घिकेला पाच कंसविकलांपर्यंत जा, प्रत्येक कड्यात ३८३५ चा खड्डा आधी डोळ्याने बघा, आणि आकडा त्याच्या शेजारी लिहा.